हत्तींचं यंत्र आणि तेलाची डबी

चेन्नईतल्या आमच्या पहिल्या आयुधपूजेला मी विळी घेऊन गेले होते.

आम्ही वेस्ट मांबलमला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. तळमजल्यावर घरमालक राहायचे, त्यांना अख्खी इमारत मामा-मामी म्हणायची. दोघंही तंजावूरकडचे मराठी. त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडून इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांचं बोलणं ऐकताना एखादी जुनी पोथी तमिळ हेल काढून वाचतंय कुणीतरी असं मला वाटायचं. नवरात्रातल्या नवमीला ते घरातली सगळी हत्यारं-अवजारं देवीपुढे मांडायचे, आणि भाडेकरूंनीही आपापली आयुधं आणायची असा मामींचा नियम होता. नवऱ्यानं कंपनीचा लॅपटॉप नेला. मी घरभर शोधलं आणि शेवटी विळी उचलली. मामींनी लॅपटॉपला गंध लावलं आणि विळीच्या पात्यालाही तितक्याच मनापासून कुंकू लावलं. मी हात जोडून उभी होते आणि आतून धुमसत होते.

कारण लग्नाआधी पाच वर्षं मी चिंचवडच्या एका कारखान्यात मापयंत्रांच्या खोलीत काम करत होते. घड्याळासारख्या तबकडीची, केसापेक्षा बारीक फरक दाखवणारी मापं उघडायची, साफ करायची, पुन्हा बसवायची. त्या खोलीत मी एकटीच बाई होते आणि तिथल्या पुरुषांना बिघडलेलं माप माझ्याच टेबलावर आणून ठेवावं लागायचं, याचा मला भारी तोरा होता. लग्न झालं, नवऱ्याची नोकरी चेन्नईबाहेर सिरुसेरीच्या आयटी पार्कात, मी राजीनामा दिला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण देवीपुढे ती विळी बघितली आणि वाटलं, संपलं सगळं.

त्या हिवाळ्यात मी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे हीच मापं दुरुस्त करायचे. म्हाताऱ्या मालकांनी फार प्रश्न विचारले नाहीत, एक बिघडलेलं माप समोर ठेवलं आणि म्हणाले, करून दाखवा. आतली केसासारखी स्प्रिंग काढेपर्यंत सगळं ठीक होतं. ती परत बसवताना माझा हात थरथरला. चिमट्यातून स्प्रिंग उडाली आणि कुठे गेली ते कळलंच नाही. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फरशीवर शोधत होतो. मालक इंग्रजीत, अगदी सौजन्यानं म्हणाले, "हाताला जरा सवय होऊ द्या, मग या." त्यांनी ओरडून हाकललं असतं तर बरं झालं असतं. मांबलम स्टेशनवर उतरून घरापर्यंत चालत आले तेव्हा डोळे पुसून पुसून लाल झाले होते. नवऱ्याला सांगितलं, धूळ गेली.

पुढे जूनमध्ये मी अड्यारला जुन्या सामानाच्या दुकानात कपाट बघायला गेले. खुर्च्यांच्या ढिगामागे एक लांबट पेटी आडवी पडली होती. दुकानदार म्हणाला, पाडलेल्या कुठल्याशा क्लबातून आलंय, खेळायचं यंत्र आहे, चालत नाही. पिनबॉल होतं ते. स्टीलची गोळी वर उडवायची, ती खुंट्यांवर आपटत खाली येते, आणि खालच्या दोन पाकळ्यांनी, म्हणजे फ्लिपरनी, तिला परत वर मारत राहायचं. उभ्या काचेवर सर्कशीतले दोन हत्ती मागच्या पायांवर उभे राहिलेले रंगवले होते. एका हत्तीचा कान खरवडला गेला होता. मी पेटीचं झाकण उचललं. आत कापडात गुंडाळलेल्या वायरी, दातेरी चाकं, बारीक स्प्रिंगा आणि ओळीनं बसवलेले रिले. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझे हात शिवशिवले. नोकरी सोडताना मिळालेले पैसे तसेच पडून होते, ते मी तिथे दिले.

मासे वाहून नेणाऱ्या तीनचाकी गाडीवरून यंत्र घरी आलं. पाय वेगळे, काच वेगळी, पेटी वेगळी असं करून दोन हमालांनी ते वर चढवलं. संध्याकाळी नवरा आला, बूटसुद्धा न काढता त्यानं पेटीभोवती एक फेरी मारली.

"कपडे कुठल्या बाजूनं ठेवायचे यात?" त्यानं विचारलं.

मी तोंड फुगवून बसले. मग दोघंही हसलो. रात्री जेवताना तो म्हणाला, "दुरुस्त होईल ना गं तुझ्याकडून?" त्यानं अगदी साधेपणानं विचारलं होतं. मला मात्र ते झोंबलं.

यंत्र अमेरिकेतलं, आपल्या निम्म्या व्होल्टेजच्या विजेवर चालणारं. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, रिची स्ट्रीटवरून, मी एक ट्रान्सफॉर्मर आणला, जोडला आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. दिवे लागले नाहीत, गोळी आली नाही, पण आतून खट्‌खट्‌खट् असा आवाज सुरू झाला आणि थांबेना. दोन मिनिटांत दारात मामा उभे. गुडघेदुखीमुळे मामा वर्ष-वर्ष जिना चढत नसत. धापा टाकत, बोलण्याला तमिळ पद्धतीनं लाडाचं 'मा' जोडत त्यांनी विचारलं, "हा आवाज कुठून येतो मा? टेलिफोन एक्स्चेंजांत तीस वर्षें मी हाच आवाज ऐकिला."

मामा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होते. तिथे त्यांच्या हाताखाली असे हजारो रिले होते. रिले म्हणजे वीज मिळाली की खट्‌कन ओढली जाणारी आणि वीज गेली की सुटणारी पट्टी. तिच्या टोकाला मोहरीएवढे धातूचे ठिपके असतात, त्यांना कॉन्टॅक्ट म्हणायचं. दोन कॉन्टॅक्ट एकमेकांना नीट टेकले तर पुढचं काम होतं, नाहीतर अडतं. नवी एक्स्चेंजं आली, तिथे खट्‌खट् बंद झाली आणि मामाही निवृत्त झाले. त्यांनी झाकण उचलून आत पाहिलं आणि एखाद्या ओळखीच्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा एका रिलेवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशीपासून रोज दुपारी कॉफी झाली की मामा वर यायचे. मामी जिन्यातून ओरडायच्या की गुडघे माझे नाहीत, मी तेल चोळून देणार नाही. देत मात्र रोज होत्या.

मामांची दृष्टी अधू झाली होती, बारीक काम त्यांना दिसायचं नाही. ते खुर्चीत बसून टॉर्च धरायचे आणि सांगायचे, मी हात चालवायचे. त्यांनी पहिला नियम घालून दिला तो असा की कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर लावायचा नाही. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापायच्या, दोन ठिपक्यांच्या मध्ये पट्टी सरकवायची आणि हलकेच ओढायची. मामींच्या कपाटात लग्नपत्रिकांचा गठ्ठाच होता. किती तरी नवरा-नवरींची नावं आम्ही त्या यंत्रात घासून संपवली. काचेच्या आतले छोटे दिवे कुठेच मिळेनात, तेव्हा मी पुदुपेटच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन जुन्या स्कूटरच्या मीटरमधले बल्ब आणले आणि ते चपखल बसले. दुकानदाराला वाटलं माझ्याकडे दहा-बारा स्कूटर आहेत. फ्लिपरची रबरं मी एका वॉशरवाल्याकडून करून घेतली. हत्तीचा कान मी स्वतः रंगवला आणि तो हत्ती जरासा गाढवासारखा दिसायला लागला. मामी काचेला येता-जाता नमस्कार करायच्या. हत्ती आहेत म्हटल्यावर यंत्र शुभच असणार, सर्कशीतले का असेनात.

इतकं करूनही यंत्र चालेना. म्हणजे दुपारी चालायचं आणि सकाळी बिघडलेलं असायचं. आज गुण मोजणारं शेकड्याचं चाक फिरलं, उद्या अडकलं. आज गोळी वर आली, उद्या आलीच नाही. घासलेले कॉन्टॅक्ट चार दिवसांनी पुन्हा काळे. मामा म्हणायचे समुद्राची हवा. मी म्हणायचे उंदीर. नवरा म्हणायचा हत्ती. मी रोज संध्याकाळी मामा खाली गेले की पसारा आवरायचे, झाडायचे, पुसायचे आणि चिंचवडच्या शिस्तीप्रमाणे काम संपवताना प्रत्येक हलत्या भागाला तेलाचा एकेक थेंब द्यायचे. माझी पितळेची बारीक चोचीची डबी होती, मापयंत्रांच्या खोलीतून निघताना आठवण म्हणून दिलेली. सगळं बिनसत असताना ते एक काम तरी आपण नेमानं करतो याचं मला समाधान होतं.

सप्टेंबरात नवऱ्याला पुण्याला बदली घेता येईल का असं ऑफिसातून विचारलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं. पुण्याला सासरचं मोठं घर होतं, माणसं होती, भाषा होती. चिंचवडची ती खोली मात्र तोवर बंद झाली होती, कारखान्यानं ते काम बाहेर द्यायला सुरुवात केली होती. पुण्याला गेले तर मी सुखात राहिले असते आणि हातात चिमटा पुन्हा धरला नसता, हे मला स्वच्छ दिसत होतं. राहायचं म्हणावं तर कशाच्या जोरावर? गिंडीची पायरी पुन्हा चढायची हिंमत नव्हती.

एके दिवशी यंत्र पुन्हा बंद पडलेलं बघून माझं डोकं फिरलं. मी नवऱ्याला म्हणाले, "दसऱ्यापर्यंत हे माझ्या हातून चाललं तर आपण इथे राहायचं आणि मी गिंडीला परत जाणार. नाही चाललं तर हे भंगारात द्यायचं, पुण्याला जायचं, आणि मी नोकरीचं नाव काढणार नाही."

"असं यंत्रावर कशाला ठेवतेस?"

"माझ्यावरच ठेवतेय."

 माझ्या नाकावरचा राग नवऱ्याला चांगला ठाऊक होता. त्या दिवसापासून तो सिरुसेरीहून आला की आधी यंत्राकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

नवरात्र सुरू झालं. मामींनी तिथल्या रिवाजाप्रमाणे देवीपुढे लाकडी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडल्या, रोज संध्याकाळी वेगळ्या कडधान्याची उसळ व्हायची. नवमीला सकाळी गोळी वर येत होती, पण एकही आकडा पुढे सरकत नव्हता. मामींची जिन्यातून हाक आली. या वर्षी मला शोधावं लागलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, वीज तपासायचं मीटर, सगळं मी ताटात घेतलं, वर माझी पितळेची डबी चिंचेनं घासून चकचकीत करून ठेवली. नाही म्हटलं तरी मान जरा ताठ झाली होती. मामींनी प्रत्येक वस्तूला गंध-कुंकू लावलं. मामा शेजारी आपली कापडी गुंडाळी उलगडून एक्स्चेंजमधली अवजारं मांडत होते. त्यांची नजर डबीवर थांबली.

"हें कशाला मा?"

"तेलाची आहे. रोज संध्याकाळी एकेक थेंब घालते ना."

"कुठें?"

"सगळीकडेच. चाकांना, रिलेंना."

 मामांनी समईकडे बोट केलं. वातीच्या टोकाला आणि वरच्या पितळेला काळी काजळी धरली होती. "तेल आणि ठिणगी एका जागीं आलीं की हेंच होतें. रिलेंत दर वेळीं ठिणगी पडते मा. तिथें तेल कधींच नको. एक थेंबही नको."

मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. चार महिने एक अधू डोळ्यांचा म्हातारा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले चढून जे साफ करून घेत होता, ते मी रोज संध्याकाळी माझ्या हातानं, शिस्तीत, पुन्हा घाण करून ठेवत होते. मी कसंबसं म्हणाले, "मामा, चुकलं माझं." मला रडू फुटलं. मामा आधी कावरेबावरे झाले आणि मग हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मामींनी पाणी आणलं. "समुद्राला उगाच शिव्या दिल्या मी," ते म्हणाले.

डोळे पुसले आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही की दुखणं सापडलं. मी चिमट्याकडे हात नेला. मामींनी तो वरच्या वर धरला. "नाळैक्कु," त्या म्हणाल्या. उद्या. पूजेतलं आयुध त्या दिवशी उचलायचं नसतं, त्याला त्या दिवशी विश्रांती असते, दशमीला पूजा हलवली की मगच हात लावायचा. मी म्हणाले, मामी, माझ्याकडे उद्याचा एकच दिवस आहे. त्यांना माझी अट माहीत होती, इमारतीत सगळ्यांनाच होती. पण मामी बधल्या नाहीत. दुसरा चिमटा विकत आणायचा विचारही माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू.

मामा म्हणाले, "आयुधांस सुटी आहे, डोक्यास नाही. बैस." यंत्रात शंभराच्या वर कॉन्टॅक्ट होते, एका दिवसात सगळे साफ होणं शक्य नव्हतं. म्हणून बटण दाबल्यापासून गोळी येऊन आकडा पडेपर्यंत वीज कुठून कुठे जाते तो रस्ता धरायचा आणि तेवढेच साफ करायचे, असं मामांनी ठरवलं. पेनंही पूजेत होती, त्यामुळे लिहून घ्यायची सोय नव्हती. दुपारभर आम्ही बाहुल्यांसमोर बसून तो रस्ता तोंडपाठ केला. मी बोटांवर मोजायचे, मामा विचारायचे, चुकले की पहिल्यापासून. मामी हरभऱ्याची उसळ पुढे ठेवून म्हणाल्या, परीक्षेला बसवताय का पोरीला.

दशमीला सकाळी मामींनी पूजा हलवली आणि चिमटा स्वतः माझ्या हातात दिला. विजयादशमीला प्रत्येकानं आपल्या विद्येचं थोडं तरी काम करायचंच, हा तिथला रिवाज. मी वर गेले. मामा टॉर्च घेऊन, नवरा स्पिरिटची बाटली आणि लग्नपत्रिकांच्या पट्ट्या घेऊन. एकेक कॉन्टॅक्ट पुसत गेले. पट्टी प्रत्येक वेळी काळी होऊन यायची आणि नवरा ती माझ्या नाकासमोर धरायचा. मी म्हटलं, पुरे. तो म्हणाला, बघून ठेव.

दुपारनंतर शेकड्याचं चाक उरलं. त्याच्या आत तेल इतकं मुरलं होतं की ते सुटं करून धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्यासाठी आतली गुंडाळलेली बारीक स्प्रिंग काढून परत नेमक्या वेढ्यांनी बसवावी लागणार होती. गिंडीला उडाली होती तिच्यासारखीच. मामांना ती दिसतही नव्हती. मी मामांना गिंडीची सगळी हकिगत पूर्वीच सांगितलेली होती. त्यांनी टॉर्च नवऱ्याकडे दिली, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बाहेर बघत बसले.

हात थरथरला. थरथरणार नाही असं मला वाटलंच नव्हतं. मी मनगट पेटीच्या लाकडी कडेवर टेकवलं, थांबले, श्वास सोडला, पुन्हा चिमटा नेला. एक वेढा, दुसरा वेढा, टोक खाचेत. स्प्रिंग तिथेच राहिली. नवऱ्यानं इतका वेळ श्वास धरून ठेवला होता की टॉर्च हलायला लागली.

"बसली," मी म्हणाले. मामांनी खुर्ची वळवली.

बटण दाबलं. आकडे खटाखट शून्यावर आले. गोळी वर आली. मी दांडी ओढून सोडली, गोळी वर गेली, खुंटीवर आपटली, घंटा वाजली आणि शेकड्याचं चाक एक घर पुढे सरकलं. मग पुन्हा एक. मामींनी काचेतल्या हत्तींना हात जोडले. मी आकड्यांकडे बघत राहिले आणि फ्लिपर मारायचंच विसरले, गोळी दोन पाकळ्यांच्या मधून सरळ खाली गेली. "गेली," नवरा म्हणाला. मला इतका आनंद झाला होता की हे काही गेलं आहे असं वाटलंच नाही. त्या संध्याकाळी इमारतीतले सगळे येऊन खेळून गेले. सगळ्यात जास्त आकडा मामींचा झाला. गोळी खाली आली की त्या तिला तमिळमध्ये रागवायच्या.

सोमवारी नवऱ्यानं पुण्याला नको म्हणून कळवलं आणि मी गिंडीला गेले. मालकांनी ओळखलं. तसंच एक माप समोर ठेवलं. मी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि घाई न करता स्प्रिंग काढली, बसवली. काम होत आलं तेव्हा त्यांनी तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली. मी ती हातात घेतली नाही.

"आधी सांगा," मी म्हणाले, "तुमच्याकडे तेल कुठे घालत नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, बुधवारपासून येता येईल का. परतीच्या गाडीत मी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. समोरच्या बाईंनी मला केळं दिलं.

माझी पितळेची डबी मामांनी परत दिली नाही. इमारतीच्या दारांच्या बिजागऱ्यांसाठी ती जप्त झाली आहे असं त्यांनी जाहीर केलं, आणि गेटला तेल घालताना ते मला मुद्दाम हाक मारायचे.

पुढच्या वर्षी नवमीला मामींची जिन्यातून हाक आली तेव्हा माझ्याकडे न्यायला एकही अवजार नव्हतं. चिमटा, मीटर, सगळं गिंडीला वर्कशॉपच्या पूजेत मांडलेलं होतं, माझ्या टेबलावर, माझ्या नावाच्या चिठ्ठीसकट. मी स्वयंपाकघरात गेले, विळी उचलली, धुतली, पुसली आणि खाली घेऊन गेले. मामींनी तिला कुंकू लावलं.